तुझं किती उतरलं?

वजन घटवायची सर्जरी झाली की पहिला फोन घरच्यांना जातो आणि दुसरा त्या माणसाला, ज्याचीही अशीच सर्जरी झालेली असते. मग सुरू होते किलोंची मॅच. माझे चौदा, तुझे किती? तू इडली खायला लागलास? मला अजून डाळीचं पाणीच! मॅच रंगते खरी. फक्त दोघं एका पिचवर खेळतच नसतात.

दहावीचा रिझल्ट आठवतोय? आपल्याला ८४ टक्के मिळालेले असायचे, आई पेढे आणायला निघालेली असायची आणि तेवढ्यात कळायचं, शेजारच्या काकूंच्या मुलाला ८९! पेढ्याची चव तिथेच गेली. बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीनंतर नेमकं हेच होतं. सहा महिन्यांत २४ किलो उतरलेली मुलगी खरं तर नाचायला हवी, पण ती तोंड पाडून बसते. कारण? त्याच महिन्यात सर्जरी झालेल्या कुणाचे तरी ३४ उतरलेत!

तुलना करणं हा आपला नॅशनल टाइमपास आहे. पगार, पॅकेज, फ्लॅटचा एरिया, कशाचीही होते. पण ही तुलना जरा वेगळी आहे, कारण ती थेट ताटापर्यंत पोहोचते. कुणाचा तरी आकडा ऐकून एखादी मुलगी आपली अर्धी वाटी पाव वाटीवर आणते, आणि तिथून पुढे गोष्ट गमतीची राहत नाही. म्हणून म्हटलं, या आकड्यांचं नीट पोस्टमॉर्टम करूया.

तिसरा मजला व्हर्सेस आठवा मजला

एक काल्पनिक जोडी घेऊ. एकाच बिल्डिंगमधले दोन कलीग. ती तिसऱ्या मजल्यावर अकाउंट्समध्ये, तो आठव्या मजल्यावर आयटीत. दोघांची सर्जरी एकाच महिन्यातली.

तिची उंची १६० सेंटीमीटर, सर्जरीच्या वेळी वजन १०४ किलो. बीएमआय साधारण ४०.६. त्याची उंची १७५, वजन १४५. बीएमआय ४७ च्या वर. सहा महिन्यांनी ती आली ८० वर, म्हणजे २४ किलो कमी. तो आला १११ वर, म्हणजे ३४ कमी. लिफ्टमध्ये भेट झाली, आकड्यांची देवाणघेवाण झाली आणि तिसऱ्या मजल्याचा मूड ऑफ! दहा किलोंनी हरलो, बॉस!

आता कॅल्क्युलेटर काढा. मूळ वजनाच्या किती टक्के उतरलं? तिचे २४ भागिले १०४, म्हणजे २३ टक्के. त्याचे ३४ भागिले १४५, म्हणजे २३ टक्क्यांच्या जरा वर. म्हणजे चक्क टाय!

अजून एक हिशेब असतो, जास्तीच्या वजनाचा. बीएमआय २५ धरला तर तिच्या उंचीला ६४ किलो ठीक. म्हणजे तिचं जास्तीचं वजन होतं ४० किलो आणि त्यातले २४ गेले. साठ टक्के काम फत्ते! त्याच्या उंचीला साधारण ७७ किलो ठीक. त्याचं जास्तीचं वजन ६८, त्यातले ३४ गेले. पन्नास टक्के. या हिशेबाने मॅच तिने जिंकली.

म्हणजे तीच माणसं, तोच दिवस, तोच काटा. किलोत तो पुढे, टक्क्यांत बरोबरी, जास्तीच्या वजनात ती पुढे. आहे की नाही गंमत?

गंमत इथेच संपत नाही. आपल्याकडे काही क्लिनिक्स 'ठीक' वजन बीएमआय २५ ऐवजी २३ ने मोजतात. कारण भारतीय आणि एकूणच आशियाई लोकांना कमी बीएमआयवरही डायबेटिस आणि हार्टचे त्रास गाठतात. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे जास्तीचे टप्पे सुचवले होते. आता २३ धरून तिचा हिशेब पुन्हा करा. साठ टक्क्यांचे होतात ५३! एक ग्रॅमही न वाढता सात टक्के गायब. त्यामुळे उद्या कुणी 'माझे सत्तर टक्के झाले' असं म्हणालं, तर पहिला प्रश्न हाच विचारायचा, कशाचे सत्तर?

शिवाय सुरुवातीचं वजन, वय, उंची, स्त्री की पुरुष, डायबेटिस आहे का, इन्सुलिन चालू होतं का, रात्रपाळी आहे का, या सगळ्याचा फरक पडतो. पुरुषांच्या शरीरात स्नायू साधारणपणे जास्त, त्यामुळे नुसतं बसूनही त्यांच्या कॅलरीज जास्त जळतात. यात तिचा काही गुन्हा नाही आणि त्याचं काही कर्तृत्वही नाही!

सर्जरी नक्की कुठली?

'माझी बॅरिअ‍ॅट्रिक झाली' म्हणणं हे 'मी गाडी घेतली' म्हणण्यासारखं आहे. अरे पण कुठली?

आपल्याकडे जास्त ऐकू येतात ती दोन नावं. पहिलं स्लीव्ह. यात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. राहते ती केळ्याच्या आकाराची नळी. जठराचा जो भाग जातो, त्यातच भूक लावणारं घ्रेलिन हे हॉर्मोन जास्त तयार होतं. म्हणून पहिले काही महिने अनेकांना भूक लागल्याची जाणीवच होत नाही.

दुसरं बायपास. यात जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीची छोटी पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. ३० मिली म्हणजे किती? दोन मोठे चमचे! बाकीचं जठर पोटातच राहतं, पण अन्न त्या वाटेने जात नाही. अन्न आतड्यात लवकर पोहोचल्यामुळे पोट भरल्याचा निरोप देणारी हॉर्मोन्स वाढतात. डायबेटिसवाल्यांची साखर कधी कधी वजन उतरायच्या आधीच ताळ्यावर येते ती यामुळेच. बायपासची मूळ कल्पना अमेरिकेतल्या आयोवाचे सर्जन एडवर्ड मेसन यांची, १९६६ ची. म्हणजे हे कालपरवाचं फॅड नाही.

दोन्हीचे फायदे वेगळे, त्रासही वेगळे. स्लीव्हनंतर अ‍ॅसिडिटी आणि जळजळ मागे लागू शकते. बायपासनंतर लोह, बी-१२ आणि कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, त्यामुळे सप्लिमेंट्स जन्मभर. स्लीव्हवाल्यांनाही सप्लिमेंट्सची सुट्टी नाहीच. बायपासवाल्याने गोड चापलं की 'डम्पिंग' होऊ शकतं. दहा ते तीस मिनिटांत छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात कळा येतात, पळत टॉयलेट गाठावं लागतं. काहींना एक ते तीन तासांनी साखर उतरून हातपाय थरथरतात.

आता समजा, दिवाळीला तिने करंजीचा तुकडा खाल्ला आणि तिला काही झालं नाही. ते ऐकून त्यानेही खाल्ला आणि सोफ्यावर आडवा झाला. कारण तिची स्लीव्ह, त्याची बायपास. 'तिला चालतं, मग मला का नाही?' याचं उत्तर त्याच्या ऑपरेशनच्या कागदावर आहे.

वाटी कुणाची मोठी?

किलोंनंतरची दुसरी मॅच खाण्याची. आणि ही मॅच उलटी असते. जो कमी खातो तो हिरो! 'मी तर दोन चमच्यांतच ढेपाळते.' 'मी काल दिवसभरात फक्त एक वाटी ताक घेतलं.' ऐकणाऱ्याला वाटतं, मी अर्धी इडली खाल्ली म्हणजे माझं पोट पुन्हा मोठं झालं की काय?

जरा थांबा. सर्जरीनंतरचं खाणं टप्प्याटप्प्याने चढत जातं. आधी पाण्यासारखे पातळ पदार्थ, औषधाच्या इवल्याशा कपातून, घोट घोट. नारळपाणी, गाळलेलं सूप, डाळीचं वरचं पाणी. मग दूध, ताक, प्रोटीन शेक. त्यानंतर मिक्सरमधून काढलेलं घट्टसर वरण, दही, कुस्करलेलं पनीर. मग मऊ खिचडी, अंड्याची भुर्जी, काटे काढलेला मासा. आणि साधारण दोन महिन्यांच्या आसपास रोजचं जेवण, छोट्या ताटलीत. पण कुठला टप्पा किती दिवसांचा, हे प्रत्येक सर्जन आपापल्या अनुभवाने ठरवतो. एकाच्या तक्त्यात दुसऱ्या आठवड्यात दही असतं, दुसऱ्याच्या तिसऱ्या. त्यामुळे 'मला मागे ठेवलंय' असं वाटून घ्यायचं काही कारण नाही. टाक्यांची जागा भरून येईपर्यंत घाई करणं मात्र महागात पडू शकतं.

नियम तसे सगळ्यांना कॉमन. घास छोटा, चावणं वीस-तीस वेळा. जेवताना पाणी नाही. पाणी प्यायचं ते जेवणानंतर अर्ध्या तासाने. आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर भात-पोळी. सोडा आणि कोल्ड्रिंकला टाटा-बायबाय. मऊ पाव, चिकट भात, ताजी पोळी हे पदार्थ आत गोळा होऊन अडकतात, असा अनेकांचा अनुभव. उलट कडक भाकरीचा तुकडा नीट चावला तर आरामात जातो.

आता खरी मेख. काय आरामात जातं आणि काय फायद्याचं असतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिकनचा तुकडा किंवा पनीर पोटात बसतं, जागा घेतं, पोट भरल्याचं सांगतं. वेफर्स, चिवडा, बिस्किटं, आइस्क्रीम, मिल्कशेक मात्र सुळकन खाली उतरतात. पोट भरतच नाही! चहासोबत दिवसभर थोडं थोडं करत छोट्याशा पोटातूनही भरपूर कॅलरीज जाऊ शकतात. म्हणून 'मी तर काहीच खात नाही गं, तरी वजन हलत नाही' म्हणणाऱ्या मैत्रिणीच्या ड्रॉवरमधला डबा एकदा बघावा. ती खोटं बोलत नसते. तिच्या लेखी ते 'जेवण' नसतंच.

साठ ग्रॅमचं गणित

कमी खाणं म्हणजेच यश, हा समज सगळ्यात धोकादायक. सर्जरीनंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं. ते मिळालं नाही तर शरीर चरबीसोबत स्नायूही खायला लागतं. काटा खाली येतो, आपण खूश! पण उतरलेल्या त्या किलोंमध्ये तुमचे दंड आणि मांड्या असतात. स्नायू गेले की कॅलरी जाळणारं इंजिनही लहान होतं.

साठ ग्रॅम ऐकायला सोपं वाटतं. बेरीज करून बघा. दोन अंडी, १२ ग्रॅम. शंभर ग्रॅम पनीर, १८. एक वाटी घट्ट वरण, ७. एक पेला दूध, ६. वाटीभर दही, ४. झाले किती? सत्तेचाळीस! आणि हे सगळं अशा पोटात, ज्यात एका वेळी पाव-अर्धी वाटीच मावते. अंडीही न खाणाऱ्या मंडळींचं तर विचारूच नका. म्हणून डॉक्टर प्रोटीन पावडर लिहून देतात. ती घेतल्याने कुणी बॉडीबिल्डर होत नाही.

तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमाराला कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागतात. वजन झपाट्याने उतरताना शरीराला बसलेला हा झटका असतो. बहुतेकांचे केस काही महिन्यांत परत येतात. पण प्रोटीन, लोह, झिंक यांची मारामार असेल तर गळती लांबते.

आणि एक गोष्ट अजिबात चेष्टेवारी न्यायची नाही. सर्जरीनंतर उलट्या सुरू झाल्या आणि थांबेनात, तर 'चला, वजन लवकर उतरेल' असं म्हणत घरी बसायचं नाही. सतत उलट्या आणि खाणं बंद, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, अर्थात थायमिन, काही आठवड्यांतच संपू शकतं. तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, पायांना मुंग्या, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. वेळेवर थायमिन मिळालं नाही तर मेंदूला आणि नसांना कायमची इजा होऊ शकते. ही इमर्जन्सी आहे. त्या आठवड्यात सगळ्यात जास्त किलो उतरवणारा माणूस कदाचित सगळ्यात आजारी असू शकतो! आकडा हे कधीच सांगत नाही.

काटा थांबला, बॉस!

पहिल्या दोन आठवड्यांत वजन धबाधब उतरतं. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास अचानक ब्रेक. रोज सकाळी काट्यावर तोच आकडा. पोटात गोळा! सर्जरी फेल गेली का?

नाही हो. सुरुवातीला शरीर आपल्या साठवलेल्या साखरेवर, म्हणजे ग्लायकोजेनवर हात मारतं. एक ग्रॅम ग्लायकोजेनला साधारण तीन ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. साखर संपली की पाणीही जातं आणि काटा खूश दिसतो. मग शरीर सावरतं, थोडं पाणी पुन्हा धरून ठेवतं. आतली चरबी उतरत असते, पण काट्यावर ते दिसत नाही. मुलींचं पाळीच्या आधी एक-दोन किलो पाणी वाढतं ते वेगळंच. असा थांबा पुढे सहाव्या महिन्याच्या सुमाराला पुन्हा येऊ शकतो. शरीर हलकं झालं की त्याला कॅलरीजही कमी लागतात, त्यामुळे वेग मंदावणारच.

अशा थांब्याच्या दिवसांतच ती लिफ्टवाली भेट झाली तर काय होतं? त्याचे या आठवड्यात दोन किलो उतरलेले, तिचे शून्य. ती रात्रीचं जेवण सोडते. म्हणजे नेमकं प्रोटीन सोडते. थांबा आपोआप सुटणारच होता, आता अशक्तपणा फुकट पदरात पडला. त्यापेक्षा आठवड्यातून एकदाच, त्याच दिवशी, त्याच वेळी वजन करा आणि महिन्यातून एकदा कमरेला टेप लावा. काटा ढिम्म असतानाही पँट सैल झालेली असते.

दोन वर्षांनंतरचा गुपचूप चॅप्टर

पहिल्या वर्षी सगळे बोलतात. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, नवीन जीन्स. तिसऱ्या वर्षी तीच माणसं गप्प का होतात?

कारण थोडं वजन परत येतं. आणि हे जवळपास सगळ्यांच्याच बाबतीत होतं. स्वीडनमध्ये १९८७ पासून या विषयावर एक मोठा अभ्यास सुरू झाला. चार हजारांच्या वर माणसं, निम्म्यांची सर्जरी, निम्म्यांची नाही. त्याचे निकाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. बायपास केलेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली.

आठव्या मजल्यावरच्या आपल्या मित्राला हे लावून बघू. १४५ चा तो दोन वर्षांत साधारण ९९ वर येईल आणि दहा वर्षांनी १०९ च्या आसपास असेल. लोक म्हणणार, 'दहा किलो परत वाढला की रे!' पण तो अजूनही ३६ किलोंनी हलका आहे! आणि त्या स्वीडिश अभ्यासात एवढं वजन परत येऊनही सर्जरीवाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा साधारण एक चतुर्थांशाने कमी होतं. मग हे अपयश कसं?

फिनलंडमध्येही २००८ ते २०१० मध्ये २४० जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं स्लीव्ह आणि बायपासमध्ये वाटलं गेलं. दहा वर्षांनंतरचे निकाल २०२२ मध्ये आले. स्लीव्हवाल्यांचं जास्तीचं वजन साधारण ४४ टक्के कमी होतं, बायपासवाल्यांचं ५२ टक्के. म्हणजे फरक आहे, पण आभाळ कोसळण्याएवढा नाही.

खरा घोटाळा होतो तो लाजेमुळे. चार किलो वाढले की माणूस फॉलोअप टाळतो. डॉक्टर ओरडतील, डाएटिशियन काय म्हणेल, ग्रुपमध्ये तोंड कसं दाखवू? फॉलोअप टळला की ब्लड टेस्ट टळते. बी-१२ आणि लोह हळूहळू तळाला जातं, आणि थकवा ऑफिसच्या स्ट्रेसच्या खात्यावर जमा होतो. चार किलोंवर आज उपाय असतो. ते लपवले की चौदा होतात.

आकड्यांची ही हौस किती टोकाला जाते ते मुंबईने २०१७ मध्ये बघितलंय. इजिप्तहून इमान अहमद ही तरुणी उपचारांसाठी इथे आली, तेव्हा रोज टीव्हीवर तिचं वजन सांगितलं जात होतं. नेमकं किती उतरलं, यावरून तिची बहीण आणि डॉक्टर यांच्यात जाहीर वादही झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबूधाबीत तिचं निधन झालं. तिला काय त्रास होता, यापेक्षा आपल्याला तिचा आकडा जास्त लक्षात राहिला.

पार्टी, लग्न आणि पाळणा

आपल्या वयाच्या मंडळींसाठी तीन गोष्टी, ज्या लिफ्टमधल्या गप्पांत कुणी काढत नाही.

एक, दारू. बायपासनंतर, आणि काही प्रमाणात स्लीव्हनंतरही, दारू पटकन चढते आणि जास्त वेळ उतरत नाही. पूर्वीचे तीन पेग सहज पचवणारा गडी एकातच आउट! अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दारूच्या समस्येचं प्रमाण सर्जरीआधी ७.६ टक्के होतं, सर्जरीनंतरच्या दुसऱ्या वर्षी ते ९.६ टक्के झालं. फ्रायडे नाइटला 'एकाने काय होतंय?' म्हणणाऱ्या मित्राला हा आकडा ऐकवा.

दोन, प्रेग्नन्सी. वजन उतरलं की बिघडलेली पाळी नियमित होते, आणि वर्षानुवर्षं न राहिलेला गर्भ अचानक राहू शकतो. पण डॉक्टर साधारण १२ ते १८ महिने थांबायला सांगतात, कारण त्या काळात आईलाच पोषण कमी पडत असतं. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही, दुसरा उपाय डॉक्टरांना विचारून घ्यायचा. लग्न ठरलेल्या मुलींनी हे वेळापत्रक सासरी नाही तरी होणाऱ्या नवऱ्याला नक्की सांगावं.

तीन, पेनकिलर. डोकं दुखलं की ड्रॉवरमधली कुठलीही गोळी तोंडात टाकायची सवय बंद. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी, खास करून बायपासनंतर, अल्सर होऊ शकतो. सिगरेटनेही.

आणि लग्नातली पंगत? 'एवढंसंच? डाएटवर आहेस का?' म्हणणाऱ्या मावशींना सर्जरीची स्टोरी सांगायचं बंधन तुमच्यावर नाही. 'मावशी, मस्त झालाय मठ्ठा' म्हणा आणि पुढे सरका.

आता तिसरा भिडू

आता या मॅचमध्ये इंजेक्शनवालेही उतरलेत. मार्च २०२५ मध्ये मौन्जारो भारतात आलं, जूनमध्ये वेगोवी. २०२५ मध्येच दोन्ही औषधांची समोरासमोर चाचणी प्रसिद्ध झाली. ७२ आठवड्यांत मौन्जारोवाल्यांचं वजन सरासरी २० टक्के उतरलं, वेगोवीवाल्यांचं साधारण १४. त्यामुळे 'उगाच पोट कापून घेतलंस, आठवड्याला एक सुई पुरली असती' हा नवा टोमणा तयार आहे. ऐकून मन कडू करून घेऊ नका. इंजेक्शन बंद केलं की बरंचसं वजन परत येतं, आणि खूप जास्त वजन असणाऱ्यांमध्ये सर्जरीचा परिणाम सहसा मोठा आणि जास्त टिकाऊ असतो. दोन वेगळी शस्त्रं आहेत. कुणाला कुठलं, हे डॉक्टर ठरवतील, लिफ्ट नाही.

तुलना करायचीच असेल, तर हे विचारा!

तुलना करू नका असा उपदेश आम्ही करणार नाही. त्याच वाटेवरून चाललेला माणूस बरोबर असणं ही मोठी गोष्ट असते. रात्री अकरा वाजता 'पाणीसुद्धा अडकल्यासारखं वाटतंय, तुलाही झालेलं का?' असं विचारायला कुणी तरी हवंच. फक्त प्रश्न बदला.

- 'किती उतरलं?' ऐवजी: मूळ वजनाच्या किती टक्के उतरलं?
- 'किती कमी खातोस?' ऐवजी: आज प्रोटीन किती झालं?
- 'तुला हे चालतं का?' ऐवजी: तुझी स्लीव्ह की बायपास?
- 'काटा काय म्हणतो?' ऐवजी: डायबेटिसची, बीपीची गोळी किती कमी झाली? घोरणं थांबलं का?
- 'कुठल्या साइजला आलीस?' ऐवजी: दोन जिने चढून धाप लागते का?
- आणि सगळ्यात महत्त्वाचा: पुढची ब्लड टेस्ट कधी आहे? चल, बरोबर जाऊ!

विचार करत असाल, तर

- २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार बीएमआय ३५ च्या वर असेल तर सर्जरीची शिफारस होते. आशियाई लोकांसाठी हा आकडा २७.५ पर्यंत खाली येतो. पण निर्णय एकट्या बीएमआयवर होत नाही. तुमचे बाकीचे आजार आणि मनाची तयारीही बघितली जाते.
- इन्शुरन्स तपासा. विमा नियामकाने २०१९ मध्ये घालून दिलेल्या चौकटीत बीएमआय ४० किंवा गंभीर आजारांसह ३५, वय १८ च्या पुढे आणि आधीचे साधे उपाय अयशस्वी झालेले, अशा अटी आहेत. आपल्या पॉलिसीतला वेटिंग पिरियड नीट वाचा.
- बजेट काढताना ऑपरेशनच्या बिलात पुढची वर्षानुवर्षांची सप्लिमेंट्स, ब्लड टेस्ट आणि प्रोटीन पावडरही धरा.

तर तिसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणी, पुढच्या वेळी लिफ्टमध्ये आठवा मजला 'माझे ३४!' म्हणाला, तर हसून टाळी दे. मग सांग, 'माझी बीपीची गोळी बंद झाली. तुझी?' आणि त्याचं उत्तर नीट ऐक. कदाचित तो गेल्या दोन फॉलोअपना गेलेलाच नसेल!